टिकेपर्यंत बोलायचं नाही

काळजी करायला मला कुणी शिकवलं नाही, ते अंगचंच आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी रस्त्याच्या कोपऱ्यावरून परत येते, आणि बंद दिसला की मग कुलपाची काळजी सुरू होते. ताई म्हणते, "बारके, जिवाला जरा उसंत दे गं. तुझ्याकडं बघून माझंच बीपी वाढायलंय." ताई माझी थोरली बहीण. आमच्या दोघींत धीराचा सगळा वाटा देवानं तिलाच देऊन टाकलाय, असं मला कायम वाटत आलं होतं. यंदा तिची गाय गाभण राहावी म्हणून तिसऱ्यांदा भरवली, तेव्हा कळलं की तिलाही माझ्याइतकीच भीती वाटते. ती फक्त तोंड मिटून बसते.

मी गुरांच्या एका प्रयोगशाळेत काम करते. अर्धं आयुष्य गाईच्या पिशवीत गेलं असं मी म्हटलं की कुकटपल्लीतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका तोंडावर हात ठेवतात. पण ते खरंच आहे. गाय भरवल्यानंतरचे पहिले तीन आठवडे तिच्या गर्भाशयात काय चालतं, एवढाच माझा विषय. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. गाय चारा खाते, रवंथ करते, शेपटीनं माशा हाणते. आणि आत पिशवीला ठरवायचं असतं की आलेल्याला ठेवायचं की घालवायचं. गर्भ निम्मा आईचा, निम्मा बापाचा. तो बापाकडचा निम्मा गाईच्या अंगाला परका. आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना एकच गोष्ट येते, परकं दिसलं की हाकला. त्या कशाला विचारतील, बाबा तू कोण, कुणाचा!

मग पिशवी मध्ये पडते. सुरुवातीला तीही रागातच असते. बीज आत आलं की आधी ती आग पाखडते, सगळं झाडून-पुसून काढते, आणि मग हळूहळू निवते. तोवर सुतळीच्या तुकड्यासारखा लांबत चाललेला गर्भ एक रस सोडायला लागतो. इंटरफेरॉन म्हणतात त्याला. ती त्याची हाक. पिशवीला ती ऐकू गेली, तर तिच्यातून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना ती वळण लावते, की याला हात लावायचा नाही, हा घरचा आहे. त्या पेशी मग रक्तातून अंगभर फिरतात, म्हणून गाईच्या मानेच्या शिरेतल्या थोड्याशा रक्तातसुद्धा त्या बदलाची खूण सापडू शकते. तेव्हा सोनोग्राफीत ठिपकाही दिसत नसतो. आणि हाक ऐकू नाही गेली, तर गाय पुन्हा माजावर येते, मालक म्हणतो 'उलटली', आणि एक जीव येऊन गेला हे कुणाच्या गावीही नसतं. मला हे फार लागतं. इतकी वर्षं झाली तरी लागतं.

ताई अंबरपेठेत राहते. आमचे आईवडील निजामाच्या राज्यातल्या मराठी मुलखातले शेतकरी. पोट भरायला निजामाच्या या शहरात आले आणि इथलेच झाले. भावजींकडचेही तसेच. भावजींचा दुधाचा रतीब अर्ध्या गल्लीला होता, आणि घराच्या मागं पत्र्याच्या गोठ्यात चार-पाच गाई असायच्या. भावजी गेले, एकेक करून गाई गेल्या, आणि एकच उरली. तिची आई वितानाच गेलेली. ताईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. अजूनही ताईचा आवाज ऐकला की ती मान वळवते. मुसी नदीच्या काठचा हिरवा घास घेऊन टेंपो येतो, तेव्हा ताई प्रत्येक पेंडी उलटून बघते आणि त्या माणसाशी रोज भांडते. हा तिचा दिवस. तिला दुसरा नकोही आहे.

तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सॉफ्टवेअरमध्ये. शहराच्या पलीकडच्या टोकाला, कंपनीजवळ, उंच बिल्डिंगमध्ये त्याचा फ्लॅट. सून पुण्याची, तीही कॉम्प्युटरवाली. दोघं चांगली आहेत. पण गेल्या दिवाळीपासून त्यानं एकच धोशा लावला होता, "आई, चल ना आमच्याकडं राहायला." कारण विचारलं की म्हणायचा, "असंच. तू एकटी असतेस, टेन्शन येतं."

ताई म्हणायची, "गाईचं कोण बघणार?"

"आई, दोनदा उलटली ती. दूध आटलंय. खामखा कशाला मरायलीस त्या घासामागं?"

मला वाटलं, याला घर विकायचंय. ताईलाही तेच वाटलं. आम्ही दोघींनी ते एकमेकींना बोलूनही दाखवलं, आणि मी वर चार शब्द जास्तच बोलले. शेवटी मायलेकांत ठरलं, की आता एकदा भरवायची, शेवटची. राहिली तर गाय राहील आणि ताईही अंबरपेठेतच राहील. उलटली तर गाय शहराबाहेरच्या एका गोशाळेत, आणि ताई फ्लॅटवर. ताईनं मान हलवली. त्या दिवशी तिनं मला फोन केला आणि बराच वेळ घासाच्या भावाबद्दल बोलत राहिली. मग म्हणाली, "त्या वरच्या मजल्यावर मी काय करू गं? खाली बघितलं की गरगरतं मला." मग म्हणाली, "ती गेली ना, तर माझं या घरात कुणी ओळखीचं उरत नाही."

मला काय करता येणार होतं? मला रक्त काढता येत होतं. आमच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, काढा, आपल्या नमुन्यांबरोबर लावून टाकू. तिसरा आठवडा चालू असताना मी सुई आणि नळ्या घेऊन अंबरपेठेत गेले. ताईनं गाईची मान धरली. रक्त काढून झालं, तशी ती म्हणाली, "काय निघायचं ते निघू दे. पण तोंडातून काढायचं नाही. तीन महिने."

ही आमच्या घरची रीत. बाईला दिवस गेले तरी, गाय गाभण राहिली तरी, टिकेपर्यंत तो शब्द उच्चारायचा नाही. कुणी विचारलं तर 'काही नाही बाई' म्हणायचं आणि दुसऱ्या गोष्टीकडं वळायचं. आमची आई तर त्या काळात गाईकडं कौतुकानं बघूही द्यायची नाही. म्हणायची, "नजरंनं गळतं." मी शिकले, प्रयोगशाळेत गेले, पिशवीतल्या एकेका पेशीचा हिशेब लावायला लागले, पण खरं सांगते, ही रीत मोडायची माझी कधी छाती झाली नाही.

निकाल आला. खूण होती, चांगली ठळक होती. मी खुर्चीत बसून आधी आनंदले आणि लगेच घाबरले, कारण आदल्याच आठवड्यात गाईला सर्दी-ताप येऊन गेला होता. अंगात आजार शिरला की शरीर असाच रस सोडतं आणि पांढऱ्या पेशींवर जवळजवळ तीच खूण उमटते. म्हणजे पिशवीनं हाक ऐकली होती, की नुसता ताप बोलत होता? दुसरी शंका याहून वाईट. हाक ऐकली असेल, पण हाक मारणारा अजून असेल कशावरून?

मी ताईला फोन केला. "ताई, असेल असं दिसतंय, पण..."

"पण नको सांगू."

"अगं, ऐक तरी."

"आणि 'असेल' पण नको सांगू. मला काही कळलं नाही, तू काही बोलली नाहीस."

"त्याला तरी सांगू का? त्याचा जीव टांगणीला लागलाय."

"तोंडातून काढलंस तर माझ्याशी गाठ आहे, बारके."

फोन ठेवला. आता जगात ही गोष्ट दोघींना माहीत, आणि त्यातली एक म्हणते मला माहीतच नाही. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

दोनेक दिवसांनी दुपारी मी प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीतून बाहेर आले. आत फोन न्यायचा नसतो. टेबलावरचा फोन बघितला, तर भाच्याचा आवाजी निरोप. "मावशी, मी अंबरपेठेत आलोय, घरून काम करतोय. आई बेगम बाजारला गेलीये, पेंड आणायला. ऐक ना, गाय सकाळपासून सॉलिड हंबरायलीये. चाराच खाईना. बाजूचे दूधवाले अंकल बोलले, उलटली बघ. मावशी, आईला हे कळलं तर ती... मी विचार केला, एक चान्स अजून देऊ. मी डॉक्टरला बोलावलंय, तो भरवून जाईल. आईला सांगायचंच नाही, उलटली म्हणून. तू पण नको सांगू, हां? प्लीज."

निरोप तासापूर्वीचा होता.

वाचणाऱ्याला एक गोष्ट सांगायला हवी. गाभण गायसुद्धा कधीकधी माज दाखवते, हंबरते, अस्वस्थ होते. आणि अशा गाईला कुणी माजावर आली समजून पुन्हा भरवलं, तर भरवायची ती नळी पिशवीचं तोंड ओलांडून आत जाते. ते तोंड गाभणपणात चिकट बूच लावून बंद झालेलं असतं. बूच फुटलं की आतलं सगळं गेलं. म्हणजे आईवरच्या मायेपोटी हा पोरगा स्वतःच्या हातानं ते वासरू मारायला निघाला होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं, कारण आम्ही दोघींनी त्याला सांगितलं नव्हतं.

मी फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो' असा मेसेज आला, आपोआप जाणारा. मी लिहिलं, 'थांब. भरवू नकोस.' त्यावर निळी खूण काही येईना. ताईला लावला, तर बेगम बाजारच्या गोंगाटात तिला फोन ऐकू येतो होय! मी पर्स उचलली, चप्पल कुठली घातली तेही बघितलं नाही, आणि रस्त्यावर येऊन ऑटोत बसले.

"अम्मा, सिग्नल तो छूटने दो," रिक्षावाला दोनदा म्हणाला, कारण मी "चलो, चलो" करत होते. त्याला वाटलं दवाखान्यात कुणी आहे. विचारलंच त्यानं, "घर में कुछ परेशानी है क्या?" मी म्हणाले, "हौ, पेट से है." कोण ते त्यानं विचारलं नाही. गाडी मात्र पळवली बिचाऱ्यानं. मी सगळी वाट मनातल्या मनात भांडत होते. ताईशी, भाच्याशी, आमच्या मेलेल्या आईशी. एवढं जपायचं, जपायचं आणि नेमकं त्या जपण्यानंच घात करायचा, काय म्हणावं या घराला!

गोठ्याच्या दारात मोटरसायकल उभी होती. भरवायला आलेला माणूस आत होता. खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा हातमोजा चढवलेला, नळी तोंडात आडवी धरलेली, आणि गाईची शेपटी बाजूला. भाचा एका हातानं कासरा धरून, दुसऱ्या हातात लॅपटॉप उघडा ठेवून मीटिंगमध्ये "यस, यस" म्हणत होता.

"थांबा!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की मीटिंगमधल्या माणसांनीही ऐकलं असणार.

"मावशी, काय झालं?"

"हात काढा. गाभण आहे ती."

बोलून गेले. जीभच चावली मी. पण शब्द बाहेर पडला होता.

तो माणूस मागं सरला. नळी हातात घेऊन म्हणाला, "मॅडम, ये लोग बोले माज पे है." मी गाईमागं गेले, वाकून बघितलं. माजावर आलेल्या गाईला चिकट स्रावाची काचेसारखी चकचकीत तार गळते, ती कुठं दिसत नव्हती. पण तेवढ्यावरून शपथ घेता येत नाही, काही गाईंना दिसतही नाही. मी त्याला रक्ताचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "पक्का है? नहीं रही तो ये मौका गया. रही होगी तो मेरे हाथ से जाएगा. आप बोलो, मैं वही करता."

भाचा माझ्याकडं बघत होता. "मावशी, शुअर आहेस ना तू?"

कसली शुअर! गाईचा ताप होता, शंका होत्या. मी नाही म्हटलं आणि गाय रिकामी निघाली, तर ताईचा शेवटचा चान्स माझ्यामुळं गेला असता. बहिणीबहिणींच्या नात्यात एवढं मोठं वजन मी कधी उचललं नव्हतं. मी गाईच्या पाठीवर हात ठेवला.

"शुअर नाही," मी म्हणाले. "पण भरवायची नाही. माझ्यावर सोड."

तेवढ्यात दारात ऑटो थांबला आणि पेंडीच्या पोत्यासकट ताई उतरली. मोटरसायकल बघून तिला सगळं कळलं. ती "काय गं बाई" म्हणत आत आली, आणि तिचा आवाज ऐकताच सकाळपासून हंबरणारी गाय गप्प झाली. मान वळवून बघायला लागली. हे विज्ञान नव्हे, मला माहीत आहे. पण झालं तसं.

"आई, गाभण असेल हे तुला माहीत होतं?" भाचा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "आणि मला सांगितलं नाहीस? मी आत्ता काय करून बसलो असतो! का नाही सांगितलंस?"

ताईनं पोतं भिंतीला टेकवलं. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तुझ्या आधी दोनदा सांगितलं होतं मी. सगळ्यांना. पेढे वाटले होते तुझ्या बाबानं. तुझ्या वेळी कुणाला सांगितलं नाही. म्हणून तू हायेस."

मी तिची सख्खी बहीण. मला हे माहीत नव्हतं. तेव्हा मी शिकायला बाहेर होते, आणि मला कळवलं ते एकदमच, मुलगा झाला म्हणून. त्याआधीची दोन गेली, पण वाटलेले पेढे मागे कसे घ्यायचे म्हणून कुणी पुढं बोललंच नसणार. मी गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिले आणि मला तिथंच रडू आलं. ताई म्हणाली, "उगी गं, गाय बुजेल."

तो माणूस हातमोजा काढून निघून गेला.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. गाय जरा जास्त शेपटी हलवते म्हटलं तरी मी बोटांवर दिवस मोजायला लागायची. मी दिवसातून तीनदा ताईला फोन करायची आणि आम्ही दोघी पाण्याच्या टँकरबद्दल, घासाबद्दल, टीव्हीवरच्या मालिकेबद्दल बोलायचो. ज्यासाठी फोन केला ते सोडून सगळं. प्रयोगशाळेत मी दुसऱ्या गाईंच्या नळ्या हाताळताना ताईच्या गाईचा विचार करायची. एवढं ज्ञान असून शेवटी मीही नजर लागू नये म्हणून गोठ्यात जायचं टाळायला लागले. हसायचं असेल तर हसा.

महिना उलटल्यावर माझी एक मैत्रीण, जनावरांची डॉक्टर, खांद्याला अडकवायचं सोनोग्राफीचं मशीन घेऊन आली. भाचाही आला. यावेळी लॅपटॉप नव्हता. त्यानंच कासरा धरला, दोन्ही हातांनी. ताई लांब, चुलीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. बघायचं नाही म्हणाली.

पडद्यावर आधी नुसता करडा चिखल. मैत्रीण हात फिरवत होती. मग एक काळं डबकं दिसलं, त्यात एक पांढरट दाणा, आणि दाण्यात काहीतरी लुकलुकत होतं. थांबत नव्हतं. मैत्रीण काही बोलली नाही, रीत मी तिला सांगून ठेवली होती. नुसतं बोटानं दाखवलं.

भाचा पुढं वाकून बघत राहिला. त्याचे डोळे भरले. "आई," तो म्हणाला, "सेम असंच दिसतं गं. परवा तिच्या सोनोग्राफीत पण असंच लुक..."

ताई दारातून धावत आली आणि पेंडीनं माखलेला हात तिनं त्याच्या तोंडावर दाबला. गच्च. मशीन हातात धरून माझी मैत्रीण तशीच उभी.

मग ताईनं हात काढला. हळू विचारलं, "कितवा महिना?"

त्यानं दोन बोटं दाखवली.

"म्हणून बोलवायलास होय मला? घरी?"

तो मान खाली घालून म्हणाला, "दिवाळीत एक गेलं, आई. तेव्हा ती दिवसभर एकटी असायची, मी ऑफिसात. रडत बसायची. तिच्या आईला पण सांगितलं नाही तिनं. तू लग्नातच तिला सांगून ठेवलं होतंस ना, टिकेपर्यंत बोलायचं नाही. मग तुला 'चल' का म्हणतोय ते कसं सांगणार?"

घर विकायचं असेल, असं मी म्हणाले होते. चार शब्द जास्तच बोलले होते.

ताई पोत्यावर बसली. तिच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. दोनदा एकटीनं गिळलेलं सगळं तिच्यासमोर पुन्हा आलं असणार, आणि त्यात तिची सून बसलेली दिसली असणार. ती काय विचार करत होती ते मला कळलं नाही. पण ती उठली, मोरीवर जाऊन हात धुतले, पदराला पुसले, आणि भाच्याला म्हणाली, "तिला लाव फोन."

"आई, काय बोलणार आहेस?"

"लाव म्हणते ना."

त्यानं लावून दिला. ताईनं फोन कानाला धरला, दुसरा हात गाईच्या पाठीवर ठेवला.

"बाळा, मी बोलतेय. ऐक. आपली गाय गाभण हाय." ती थांबली. हा शब्द तिच्या तोंडून इतक्या लवकर मी पहिल्यांदा ऐकत होते. "तीन महिने झाले नाहीत अजून. टिकतंय का नाही देव जाणे. पण तुला सांगावं वाटलं."

पलीकडं सून रडायला लागली. आम्हा सगळ्यांना ऐकू येईल एवढ्यानं. रडता रडता बोलायला लागली, दिवाळीपासूनचं. ताई उभ्या उभ्या "हं, हं गं" म्हणत ऐकत राहिली. मध्येच एकदा म्हणाली, "माझी पण दोन गेली होती. गेल्याचं कुणाजवळ बोलले नाही मी. चुकलं माझं." गाय तिच्या खांद्याला नाक घासत होती.

शेवटी ताईनं डोळे पुसले. "मी येते. आजच येते," ती म्हणाली. "छे गं, गाईची काळजी तू कशाला करतेस? गाईचं बघायला आपली बारकी हाय."

मला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी अंबरपेठेत राहते, घासवाल्याशी रोज भांडते, आणि सकाळी गोठ्यात जाऊन आधी गाय उभी आहे ना ते बघते. ताई त्या वरच्या मजल्यावर आहे, खिडकीकडं पाठ करून बसते म्हणे. रोज फोन करते आणि पहिलं वाक्य एकच असतं, "टिकलंय ना गं?" मी म्हणते, "टिकलंय. तिकडं?" ती म्हणते, "टिकलंय." आता आम्ही हे मोठ्यानं बोलतो.